घरच्या बागेच्या सिंचनासाठी पाइप कोणत्या साहित्याचा घ्यावा

बागेला पाणी देणारी व्यवस्था आखताना बहुतेकांचे सगळे लक्ष थेंबथेंब पाणी सोडणारे ड्रिपर, तुषार आणि टायमर यांच्या निवडीकडे असते आणि पाइप मात्र समोर दिसेल तो उचलला जातो. वास्तविक ड्रिपर बिघडला तर तो दोन मिनिटांत बदलता येतो. जमिनीत पुरलेला पाइप तडकला तर वाफे, पायवाट आणि कधी कधी फरशीसुद्धा उकरावी लागते. म्हणून सबंध व्यवस्थेत सर्वांत जास्त विचार करून निवडायची वस्तू पाइप हीच आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यातही पीव्हीसी (कडक, सरळ प्लास्टिक पाइप) चांगला की एचडीपीई (पॉलिथिलीनचा लवचीक पाइप), असा सरसकट प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. बागेच्या कोणत्या भागात, किती दाबाखाली, उन्हात की मातीत, आणि कशा प्रकारचे पाणी वाहणार आहे, हे ठरल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर नसते.

आधी बागेच्या पाइपांचे तीन भाग पाडावेत

पहिला भाग टाकी, पंप किंवा नळजोडणी येथपासून नियंत्रण व्हॉल्व्हपर्यंतचा. हा भाग रात्रंदिवस दाबाखाली असतो. बागेला पाणी चालू असो वा नसो, येथील पाइप आणि सांधे सतत ताण सोसत असतात, आणि येथे गळती झाली तर ती कोणी पाहीपर्यंत चालूच राहते. दुसरा भाग व्हॉल्व्हपासून वाफ्यांपर्यंत जाणारी उपवाहिनी. तिच्यावर फक्त पाणी देण्याच्या वेळेपुरताच दाब येतो. तिसरा भाग झाडांच्या बुंध्यांपर्यंत पोहोचणाऱ्या बारीक नळ्यांचा, ज्यांना लॅटरल म्हणतात; त्यांच्यावर दाब कमी असतो, पण ऊन, खुरपे, उंदीर आणि पायांची वर्दळ हे सगळे त्यांनाच झेलावे लागते.

या तीन भागांना एकाच साहित्याचा पाइप लावणे म्हणजे कुठेतरी पैसा वाया घालवणे आणि कुठेतरी धोका पत्करणे होय. उपलब्ध रक्कम मर्यादित असेल तर ती पहिल्या भागावर खर्च करावी आणि काटकसर तिसऱ्या भागात करावी, कारण तिसरा भाग उघडा असतो आणि सहज बदलता येतो.

दाब आणि प्रवाह यांचा हिशेब

साहित्य ठरवण्यापूर्वी उपलब्ध दाब किती आहे हे मोजावे. पाण्याची पातळी १० मीटर उंच असेल तर तळाशी सुमारे १ बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) दाब मिळतो. म्हणजे ४ मीटर उंचीवरील टाकीतून बागेला जेमतेम ०.४ बार मिळणार. ठिबकच्या व्यवस्था साधारण १ बारच्या आसपास चालतात, फवारा मारणाऱ्या छोट्या तुषारांना २ बारच्या आसपास लागतो आणि फिरत्या तुषारांना त्याहूनही अधिक. पंप असल्यास त्याने दिलेल्या जास्तीत जास्त दाबाचा, म्हणजे सर्व व्हॉल्व्ह बंद असताना होणाऱ्या दाबाचा विचार करावा. चालू असतानाचा दाब त्यापेक्षा कमी दिसतो आणि त्यावरून पाइप निवडल्यास फसगत होते.

टाकीच्या उंचीवर चालणाऱ्या व्यवस्थेत पाइपाच्या मजबुतीपेक्षा त्याचा आतला व्यास महत्त्वाचा ठरतो. मिनिटाला २० लिटर पाणी ३० मीटर लांब गुळगुळीत प्लास्टिक पाइपातून न्यायचे असेल, तर आतला व्यास २० मिलिमीटर असताना घर्षणात सुमारे २ मीटर उंचीइतका दाब खर्ची पडतो. तोच व्यास २६ मिलिमीटर केला तर ही घट जेमतेम ०.६ मीटरवर येते. चार मीटर उंच टाकी असणाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या पाइपात निम्मा दाब वाटेतच संपला. याचे कारण असे की व्यास निम्मा केल्यास तेवढ्याच प्रवाहासाठी घर्षण जवळपास तीसपट होते. मुख्य वाहिनीत पाण्याचा वेग सेकंदाला १.५ मीटरच्या आत ठेवावा, हा नियम याच कारणासाठी पाळला जातो.

येथे मापांचा एक घोटाळा लक्षात ठेवावा. मेट्रिक मापाचे प्लास्टिक पाइप बाहेरच्या व्यासाने ओळखले जातात, तर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप आतल्या नाममात्र व्यासाने. त्यामुळे २५ मिलिमीटरचा जीआय पाइप बाहेरून साधारण ३३ ते ३४ मिलिमीटर भरतो, आणि २५ मिलिमीटरचा प्लास्टिक पाइप आतून २५ पेक्षा बराच कमी असतो. शिवाय प्लास्टिकमध्ये दाबाचा वर्ग, म्हणजे पाइप किती दाब सोसेल तो आकडा, वाढला की भिंत जाड होते आणि बाहेरचा व्यास तोच राहून आतली जागा घटते. जुन्या लोखंडी वाहिनीच्या जागी प्लास्टिक टाकताना केवळ आकडा जुळवला तर पाणी कमी पडते, ते यामुळे.

पीव्हीसी

सरळ रेषेत जाणाऱ्या, जमिनीत पुरलेल्या वाहिनीसाठी आणि व्हॉल्व्हच्या मांडणीसाठी कडक पीव्हीसी हा चांगला पर्याय आहे. तो आतून गुळगुळीत असतो, गंजत नाही, खते आणि सौम्य आम्ल यांना दाद देत नाही, आणि सॉल्व्हंट सिमेंट या चिकटद्रवाने जोडलेला सांधा नीट झाला तर पाइपाइतकाच टिकाऊ होतो. सांध्यांसाठी विशेष यंत्र लागत नाही, ही घरच्या घरी काम करणाऱ्याला मोठी सोय आहे.

पण त्याचे दोन शत्रू आहेत. पहिला ऊन. अतिनील किरणांनी पीव्हीसीचा पृष्ठभाग हळूहळू पांढुरका, खडूसारखा होतो. आतला दाब सोसण्याची त्याची ताकद लगेच कमी होत नाही, पण आघात सोसण्याची घटते आणि मग फावड्याचा हलका धक्काही पुरतो. उघड्यावर राहणाऱ्या तुकड्याला पाण्यात मिसळणारा फिकट रंग लावला तर हे नुकसान बरेच टळते. दुसरा शत्रू उष्णता. पाइपावर छापलेला दाब हा साधारण २० ते २५ अंश तापमानासाठी असतो. ४० अंशांना पीव्हीसीची क्षमता छापील आकड्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे ६ बारचा पाइप उन्हाने तापलेल्या पाण्यासाठी सुमारे ४ बारचाच समजावा. पुरलेल्या पाइपाला ही अडचण फारशी येत नाही, आणि पीव्हीसी पुरावाच असे सांगण्यामागे हे दुसरे कारण आहे. ज्या प्रदेशात हिवाळ्यात जमीन गोठते तेथे पाणी आत राहिल्यास पीव्हीसी उभा चिरतो. तेथे वाहिनी गोठणाऱ्या थराखाली न्यावी किंवा हिवाळ्यापूर्वी रिकामी करण्याची सोय ठेवावी.

सांधा करताना पाइप काटकोनात कापावा, कडेचे कंगोरे घासून काढावेत, आतबाहेर पुसून कोरडे करावे, दोन्ही पृष्ठभागांवर सिमेंटचा सलग पण पातळ थर द्यावा, पाइप पूर्ण आत सारताना पाव फेरा फिरवावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा. हात सोडला की पाइप थोडा मागे सरकतो आणि सांधा अर्धवट राहतो. घरगुती कामातल्या अनेक गळत्यांचे मूळ येथेच सापडते. दाब देण्यापूर्वी २४ तास थांबणे सुरक्षित असते. धातूच्या व्हॉल्व्हला जोडताना प्लास्टिकच्या आतल्या आट्यांमध्ये धातूचे आटे घट्ट पिळू नयेत, कारण ते पाचरीसारखे काम करून प्लास्टिक चिरतात. अशा जागी पितळी आटे बसवलेला जोड घ्यावा.

सांडपाण्याचे पाइप आणि विजेच्या तारांसाठीच्या नळ्या याही पीव्हीसीच्याच असतात आणि दिसायला सारख्या वाटतात. त्या दाबासाठी बनवलेल्या नसतात. सिंचनात, अगदी कमी दाबाच्या उपवाहिनीतसुद्धा, त्या वापरू नयेत.

एचडीपीई

बाग वेडीवाकडी असेल, झाडांना वळसे घालत वाहिनी न्यायची असेल, जमीन खचणारी असेल किंवा थंडीत गोठणारी असेल, तर माझी पहिली पसंती एचडीपीईला असते. तो गुंडाळीत मिळतो, त्यामुळे लांब अंतरात मध्ये एकही सांधा लागत नाही, आणि ज्या वाहिनीत सांधे कमी तिच्यात गळतीच्या जागाही कमी. काळ्या एचडीपीईमध्ये साधारण २ ते २.५ टक्के कार्बन ब्लॅक (बारीक काजळी) मिसळलेला असतो. तो उन्हापासून संरक्षण देतो आणि आत प्रकाश जाऊ न दिल्याने शेवाळही धरत नाही. पाइपाच्या बाहेरच्या व्यासाच्या २५ पटींइतक्या त्रिज्येचे वळण साधारणपणे बिनधोक घेता येते, म्हणजे ३२ मिलिमीटरच्या पाइपासाठी सुमारे ८० सेंटिमीटर. त्याहून अरुंद वळण असेल तर एल्बो, म्हणजे कोपऱ्याचा जोड, वापरावा, कारण पाइप एकदा घडी पडून दुमडला की ती जागा कायमची दुबळी होते.

एचडीपीईवर पीई ८० किंवा पीई १०० असा दर्जा आणि एसडीआर हा आकडा छापलेला असतो. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. हा आकडा जितका लहान, तितकी भिंत जाड. पीई १०० मध्ये एसडीआर ११ म्हणजे १६ बार आणि एसडीआर १७ म्हणजे १० बार. घरच्या बागेला एसडीआर १७ बहुतेक ठिकाणी पुरेसा होतो आणि आतला व्यासही मोठा मिळतो. उष्णतेचा नियम येथेही लागू आहे: ४० अंशांना क्षमता सुमारे तीन चतुर्थांश धरावी.

एचडीपीई कोणत्याही सिमेंटने चिकटत नाही. मोठ्या कामात तो तापवून वितळजोड करतात. घरच्या व्यासांना पिळून बसवायचे कॉम्प्रेशन जोड पुरतात, आणि ते पुन्हा उघडता येतात हा फायदाच आहे. पाइपाचे टोक तिरके घासून घ्यावे, जोडात किती आत जायला हवे ती खूण आधी पाइपावर करावी आणि पाइप त्या खुणेपर्यंत गेल्याची खात्री करूनच नट आवळावा, कारण रबरी कड्याच्या अलीकडेच थांबलेला पाइप हाताला घट्ट लागला तरी दाबाखाली सुटतो.

या साहित्याचा उणा भाग म्हणजे त्याचे प्रसरण. १० मीटर लांबीचा एचडीपीई तापमानात ३० अंशांचा फरक पडल्यावर ५ ते ६ सेंटिमीटर लांबी बदलतो; तेवढ्याच पीव्हीसीत हा बदल २ सेंटिमीटरच्या थोडा वर असतो. दुपारच्या उन्हात तापलेला पाइप ताणून चरात टाकला आणि लगेच माती लोटली, तर रात्री आखडताना तो सांध्यांवर ओढ देतो. गुंडाळी उन्हात ठेवून मऊ करून उलगडावी, चरात किंचित नागमोडी टाकावी आणि माती सकाळी लवकर, पाइप थंड असताना ओढावी.

झडप अचानक बंद झाली तर

स्वयंचलित व्हॉल्व्ह बसवणाऱ्यांनी पाण्याच्या ठोक्याचा विचार अवश्य करावा. वाहते पाणी एकदम अडले की दाबाची लाट पाइपात मागे धावते, आणि तिचा जोर पाइप किती ताठर आहे यावर अवलंबून असतो. सेकंदाला १.५ मीटर वेगाने वाहणारे पाणी लांब वाहिनीत क्षणात थांबले, तर लोखंडी पाइपात दाब १५ बारांहून अधिक उसळू शकतो, पीव्हीसीत ही उसळी ५ ते ६ बार असते आणि एचडीपीईमध्ये ४ च्या आसपास. लवचीक पाइप हा धक्का काही प्रमाणात स्वतःच गिळतो. पीव्हीसीत असे ठोके दिवसातून अनेकदा बसत राहिले तर साहित्य थकते आणि सांध्याजवळ बारीक चीर पडते; म्हणून व्हॉल्व्हच्या आधीच्या भागात चालू दाबाच्या किमान दुप्पट क्षमतेचा पाइप घ्यावा, आणि सावकाश बंद होणारा व्हॉल्व्ह मिळत असेल तर तोच निवडावा.

वाफ्यातील नळ्या

येथे एलएलडीपीई या मऊ प्रकारच्या पॉलिथिलीनच्या काळ्या नळीला खरा पर्याय नाही. १६ मिलिमीटरची नळी घरच्या बहुतेक वाफ्यांना पुरते. १२ मिलिमीटरची नळी कुंड्यांसाठी आणि लहान ओळींसाठी ठीक आहे, पण लांब ओळीत ती वापरली तर शेवटच्या झाडापर्यंत दाब पोहोचत नाही आणि पुढच्या झाडांना जास्त, मागच्यांना कमी असे पाणी मिळते.

नळी पुनर्वापराच्या हलक्या मालाची आहे का, हे हाताने बरेचसे कळते. आतून खरखरीत लागणे, कापल्यावर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीची पातळ दिसणे, उग्र वास येणे, दुमडल्यावर घडीवर पांढरी रेघ उमटणे ही वाईट लक्षणे होत. अशी नळी पहिल्या एकदोन उन्हाळ्यांत, नळीच्या टोकात खुपसायच्या काटेरी जोडांपाशी चिरते. त्या जोडांविषयी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जोड सहज जावा म्हणून अनेक जण साबणाचे पाणी लावतात, पण ताणाखाली असलेल्या पॉलिथिलीनला साबण आणि डिटर्जंट यांच्या संपर्काने चिरा पडू शकतात. त्याऐवजी नळीचे टोक काही क्षण गरम पाण्यात बुडवावे. ती मऊ होऊन जोडावर सरकते आणि थंड झाल्यावर त्याला घट्ट धरते.

उंदीर आणि खारी ही नळी कुरतडतात. ज्या बागेत हा त्रास आहे तेथे नळी मातीवर उघडी ठेवण्यापेक्षा पालापाचोळ्याच्या थराखाली ठेवण्याचा मोह होतो, पण त्या आडोशाने कुरतडणे कमी होईलच असे नाही आणि गळती मात्र दिसत नाही. मी नळी उघडी ठेवून वेळोवेळी नजर फिरवणेच पसंत करतो.

हातात धरून पाणी देण्याचा रबरी किंवा जाळीदार पीव्हीसीचा होज हा कायमच्या वाहिनीचा भाग करू नये. तो सतत दाबाखाली राहण्यासाठी नसतो. भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यायचे असल्यास पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असे लिहिलेला होज घ्यावा आणि उन्हात तापलेले पहिले पाणी बाजूला सोडून द्यावे.

धातूचे पाइप

जीआय पाइपाला मी सिंचनात फक्त एकच जागा देतो: जमिनीतून वर येणारा नळाचा किंवा तुषाराचा उभा दांडा, जेथे धक्के बसतात. बाकी ठिकाणी तो अडचणच करतो. जस्ताचा थर झिजला की गंज सुटतो, आतला व्यास कमी होत जातो आणि गंजाचे कण ड्रिपरच्या बारीक छिद्रांत अडकतात. पाण्यातून खत द्यायचे असेल तर गंजण्याचा वेग आणखी वाढतो. तांब्याचा पाइप टिकतो, पण बागेसाठी तो अवाजवी महाग आहे. आणि तांब्यातून गेलेले पाणी पुढे जीआयमध्ये जाणार असेल तर पाण्यात उतरलेले तांबे जस्तावर बसून त्याला लवकर पोखरते. म्हणून हे दोन धातू या क्रमाने कधीही जोडू नयेत.

पाण्याचा स्वभाव

जमिनीतून काढलेल्या क्षारयुक्त पाण्यात ड्रिपर आणि नळ्यांत पांढरा थर बसतो, आणि तो काढण्यासाठी सौम्य आम्ल सोडावे लागते. पीव्हीसी आणि पॉलिथिलीन हे सहन करतात, जीआय करत नाही. उघड्या तळ्याचे किंवा टाकीचे पाणी असेल तर प्रकाश आत जाऊ देणारा पांढरा, अर्धपारदर्शक पाइप उघड्यावर वापरू नये. त्यात शेवाळ वाढते. वापरलेले सांडपाणी बागेला देत असाल तर ती वाहिनी वेगळ्या रंगाची असावी, म्हणजे पुढे कोणी चुकून तिला पिण्याचा नळ जोडणार नाही. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात यासाठी जांभळा रंग वापरतात. आणि व्यवस्था पिण्याच्या पाण्याच्या जोडणीवर चालत असेल, तर पाइप कोणताही असो, बागेतले पाणी मागे घरात शिरू नये यासाठी उलटा प्रवाह रोखणारे उपकरण सुरुवातीलाच बसवावे.

विकत घेताना आणि पुरताना

पाइपावरचा छापील मजकूर वाचल्याशिवाय तो घेऊ नये. साहित्य, बाहेरचा व्यास, दाबाचा वर्ग, मानकाचा क्रमांक आणि निर्मितीची तारीख एवढे तरी त्यावर असावे. उघड्या अंगणात महिनोन्‌महिने पडून फिका झालेला पीव्हीसी नाकारावा. पाइप आणि जोड शक्यतो एकाच मापपद्धतीचे घ्यावेत. इंची आणि मिलिमीटरचे जोड हातात सारखे वाटले तरी सिमेंटने भरून न निघणारी फट मागे ठेवतात.

चर ३० ते ४५ सेंटिमीटर खोल घ्यावा, म्हणजे फावडे वाहिनीपर्यंत पोहोचत नाही. तळाशी टोकदार दगड राहू देऊ नयेत आणि पाइपाभोवती चाळलेली माती किंवा वाळू घालावी. वाहने जातात अशा वाटेखालून जाताना वाहिनी एका मोठ्या व्यासाच्या पाइपातून न्यावी, म्हणजे पुढे ती बदलायची झाली तर वाट फोडावी लागत नाही.

माती ओढण्यापूर्वी सगळे सांधे उघडे ठेवून, फक्त मधल्या भागावर थोडी माती टाकून पाइप जागेवर दाबून घ्यावा. मग टोके उघडी ठेवून आधी मुख्य वाहिनी, नंतर उपवाहिनी आणि शेवटी लॅटरल या क्रमाने पाणी सोडून कापकामाचा भुसा आणि माती बाहेर काढावी. त्यानंतर टोके बंद करून, हवा पूर्ण निघाल्यावर, पूर्ण दाब देऊन काही तास ठेवावा आणि प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा. कागद ओला झाला तर तो सांधा कापून नवा करावा. वरून सिमेंट लावून गळती थांबवण्याचा प्रयत्न करू नये. चर बुजवण्याआधी वाहिनीचा मार्ग कुंपणापासूनच्या अंतरांसह कागदावर काढून त्यावर प्रत्येक भागातील पाइपाचे साहित्य, व्यास आणि दाबाचा वर्ग लिहावा आणि तो कागद टायमरच्या पेटीत ठेवावा.